आत्याच्या गाडीचं इंजिन पुसलं तेव्हा

आत्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिची गाडी पोर्चमध्ये उभी होती, आणि ती तिथंच उभी राहिली. थंडी गेली, होळी झाली, उन्हाळा आला. शेजारच्या कडुनिंबाची पानं टपावर, काचेवर, वायपरच्या खाली साठत गेली. कुणीतरी मागच्या काचेवर बोटानं फूल काढलं होतं. ते कधी काढलं, कुणी काढलं, कुणालाच माहीत नव्हतं.

मी लातूरला कॉलेजात शिकवते. आत्या नांदेडला एकटीच राहायची. तिनं लग्न केलं नाही. कृषी खात्यात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं अर्धापूरच्या केळीच्या पट्ट्यात काढली. सुरुवातीला ती जीपमध्ये साहेबांच्या मागं बसून जायची. मग तिनं स्वतःची गाडी घेतली, लहानशी, पेट्रोलची, आणि सगळी गावं त्या गाडीनं पालथी घातली. चिखलात अडकली की कुणाची वाट न बघता जॅक लावायची. तिच्या पदराला अत्तराचा नाही, पण ग्रीसचा वास नक्की यायचा, असं माझे वडील हसून म्हणायचे. वडील गेल्यावर आमच्या घरात मोठं माणूस म्हणून तीच राहिली.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी नांदेडला आले. तोवर तिच्याकडे दिवसभर एक बाई मदतीला यायच्या. त्यांना गावी लग्नाला जायचं होतं. म्हटलं, सुट्टीभर मीच राहते.

आत्याचा उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत चालायची. चार पायांची काठी घेऊन ती घरभर फिरायची, ते एवढं अवघड नव्हतं. अवघड होतं ते बोलणं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, "त्यांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय." त्या बंद वाटेतून एकच शब्द सुटून बाहेर आला होता. सोमवार. का सोमवार, देव जाणे. पाणी पाहिजे असलं तरी सोमवार, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी सोमवार. हो आणि नाही तेवढं नीट यायचं, "हाव" आणि "न्हाई". बाकी सगळा आवाजाचा खेळ. रागातला सोमवार वेगळा, विनवणीचा वेगळा. मला चार-पाच दिवसांत बरेच सोमवार कळायला लागले, पण प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत दिसायचं, की आपण काय बोललो ते तिला ऐकू आलंय, आणि ते चुकीचं आहे हेही कळलंय.

आठवड्यातून दोनदा एक तरुण मुलगी यायची, स्पीच थेरपिस्ट. गोड स्वभावाची, धीराची. ती चित्रांची कार्डं समोर धरायची. खुर्ची. कप. कुत्रा. मी आले त्याच आठवड्यात तिनं केळ्याचं चित्र धरलं.

"हे काय आहे, सांगा बघू?"

आत्या त्या पिवळ्या चित्राकडे बघत राहिली. जिनं आयुष्य केळीत काढलं, बांधावरून नुसतं पान बघून जी रोग ओळखायची, तिच्या ओठांची हालचाल होत होती आणि काही येत नव्हतं. शेवटी तिनं डाव्या हातानं कार्ड पालथं घातलं आणि उठून आत गेली. त्यानंतर ती थेरपिस्ट आली की आत्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपायची.

गाडी चालू करायची कल्पना माझी. रिक्षात चढताना आत्याचे फार हाल व्हायचे. पाय वर उचलायचा, दांडी धरायची, मागून मी ढकलायचं. स्वतःची गाडी दारात असताना हे कशाला? मला गाडी चालवता येत होती, म्हणजे चालवण्यापुरती. बॉनेटच्या खाली काय असतं याच्याशी माझा संबंध कधी आला नव्हता.

आत्याचा जुना मेकॅनिक आला. नवी बॅटरी बसवली. आत्या पोर्चमध्ये खुर्चीवर बसून बघत होती. गाडी दोन-तीनदा कण्हली आणि सुरू झाली. मी टाळी वाजवणार तेवढ्यात वास आला. चुलीत ओला पाला पेटवल्यासारखा. मेकॅनिकनं झटकन चावी बंद केली, बॉनेट पुन्हा उघडलं आणि वाकून म्हणाला, "अरे बाप रे. ताई, इकडं या."

इंजिनच्या एका बाजूला, जिथं धुराचा पाइप तापतो तिथं, उंदरानं घर केलं होतं. कडुनिंबाची पानं, शेंगांची टरफलं, कापसाचे पुंजके, बॉनेटच्या आतल्या अस्तराचे कुरतडलेले तुकडे. कडेची पानं काळी पडायला लागली होती.

"बरं झालं लगेच बंद केली," तो म्हणाला. "असंच नेली असती तर रस्त्यात पेटली असती. उंदीर तर गेलाय, घर कोरडं हाय. आता अशी चालवू नका. मी माणूस पाठवून ओढून नेतो. वॉशिंगला लावतो, प्रेशरनं पाणी मारलं की इंजिन नव्यासारखं हुतंय."

आत्या खुर्चीतून उठली होती. "न्हाई," ती म्हणाली.

"मॅडम, ओढून नेताना काय हुत न्हाई गाडीला."

"न्हाई! सोमवार... सोमवार..." काठी फरशीवर आपटत ती पुढं आली. डाव्या हातानं पाण्याच्या फवाऱ्याची खूण केली, मग त्याच हातानं इंजिनवर नकाराची. मेकॅनिकला काही कळेना. त्यानं पुन्हा तेच सुरू केलं, प्रेशर, वॉशिंग. आत्याचा चेहरा लाल झाला आणि तिच्या तोंडून खणखणीत निघालं,

"बेअक्कल!"

मग मेकॅनिक हसायला लागला. रागाचा लवलेश नाही, नुसता आनंद. "मॅडम बोलल्या की! ताई, ऐकलं का? हेच म्हणायच्या मला आधीपासून." हसता हसता त्यानं डोळे पुसले. "बरोबर हाय मॅडमचं. प्रेशरचं पाणी वायरीत घुसतंय कधी कधी. घरीच करा मग. मॅडमला सगळं ठाऊक हाय, त्यांना इचारा."

विचारा, म्हणून तो गेला. आता विचारायचं कसं?

संध्याकाळी मी मोबाइलवर व्हिडिओ लावले. एक माणूस सांगत होता, पाणी अजिबात नको. दुसरा खुशाल पाइप सोडून बसला होता. आत्या शेजारी बसून बघत होती. दुसरा व्हिडिओ सुरू झाल्यावर तिनं माझा मोबाइल उपडा ठेवला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी सांगते, असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही सुरुवात केली. इंजिन रात्रभर गार झालं होतं, तरी आत्यानं मला आधी हाताची पाठ धातूजवळ नेऊन बघायला लावलं. मग आम्ही दोघी त्या उघड्या बॉनेटसमोर उभ्या राहिलो आणि मला पहिल्यांदाच आमची अडचण नीट समजली. आत काय काय आहे, ते तिला सगळं माहीत होतं आणि त्यातलं एकही नाव घेता येत नव्हतं. मला बोलता येत होतं, पण समोरच्या त्या नळ्या-डब्यांपैकी बॅटरी सोडून एकही ओळखता येत नव्हता.

मी झाडू घेतला. आत्यानं काठी आडवी धरली.

"मग कशानं काढू?"

तिनं नाकातोंडावर हात ठेवला. मी मास्क आणला. तिनं बोटं पसरून दाखवली. स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे आणले. पुन्हा झाडू उचलला तर पुन्हा काठी आडवी. मग ती स्वतः लंगडत कुंड्यांजवळ गेली आणि झाडांवर पाणी मारायचा छोटा हातपंप घेऊन आली. त्या उंदराच्या घराकडे बोट केलं आणि फुस्स फुस्स करून दाखवलं. ओलं करून काढायचं होतं. कोरडं झाडलं असतं तर उंदराच्या लेंड्यांची धूळ आम्हा दोघींच्या नाकात गेली असती. मी पंपात थोडं जंतुनाशक घालून ते घर भिजवलं, अलगद उचलून पिशवीत भरलं, पिशवीला गाठ मारली. आतून माझ्या आत्याच्या जुन्या हातरुमालाचा तुकडा निघाला, निळ्या काठाचा. तिनं तो ओळखला आणि "अंऽ" करून हसली.

मग रंगकामाचा कोरडा ब्रश घेऊन मी खाचांमधली पानं काढली. काचेखालच्या जाळीत तर अख्खा झाडाखालचा कचरा होता. हे काम मला आवडायला लागलं. हात चालू होते, सकाळचा गारवा होता, शेजारच्या घरातून फोडणीचा वास येत होता.

पानं निघाल्यावर खालचं दिसलं. तेलाचा आणि धुळीचा काळा, चिकट थर. मागच्या वर्षी खिडकीच्या ग्रिलला रंग दिला होता, त्यातली टर्पेंटाइनची बाटली जिन्याखाली पडून होती. याच्यानं ग्रीस निघतं एवढं मला माहीत होतं. मी ती घेऊन आले आणि बूच उघडलं. आत्यानं बाटली माझ्या हातातून ओढली. थोडं फरशीवर सांडलं.

"आत्या! अगं, काय करून राहिलीस?"

"सोमवार!"

"सोमवार काय? मला कळत नाही, तू काय म्हणतेस ते! साफ तर करायचंय ना?"

माझा आवाज चढला होता. ती बाटली छातीशी धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचा श्वास जोरात चालला होता. मग तिनं बाटली खाली ठेवली, डाव्या हाताची पाचही बोटं एकत्र केली आणि एकदम उघडली.

"भक्," ती म्हणाली. "भक्कन."

टर्पेंटाइनची उरलेली वाफ गरम इंजिनवर पेट घेते, हे तिला सांगायचं होतं. आणि तिनं ते सांगितलं होतं. मी बूच घट्ट लावून बाटली पार मागच्या अंगणात नेऊन ठेवली, फरशी पुसून काढली आणि येताना भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन आले. बादली अर्धीच भरली होती. लातूरला राहून पाणी जपून वापरायची सवय हाताला लागते. आत्यानं अर्ध्या बादलीकडे बघून मान डोलावली. एवढंच पुरे.

आता ओलं करायचं म्हणजे झाकायचंही आलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी ब्रश साबणात बुडवून थेट इंजिनकडे वळले. आत्यानं माझं मनगट धरलं. तिच्या डाव्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. तिनं दुसरं काही दाखवायला हात सोडला नाही, नुसती बॅटरीकडे हनुवटी केली. मी बघितलं. बॅटरीवर दोन वायरी होत्या, एक लाल, एक काळी. मी शेजारच्या हत्यारांच्या डब्यातून पाना काढला. वायर सोडवायची असावी इतपत समजलं होतं. पाना मी लाल वायरीला लावला.

"काळी," आत्या म्हणाली.

मी वळले नाही.

"काळी... पहिली."

मागं वळून तिला मिठी मारावी असं वाटत होतं, पण भीती अशी वाटली, की मी ओरडले, रडले, तर तो शब्द घाबरून परत आत जाईल. म्हणून मी जसं काही रोज असंच बोलणं होतं तसं म्हटलं, "बरं. काळी पहिली." पाना काढला, काळ्या वायरीला लावला, नट सैल केला. वायर काढून बाजूला वाकवली, ती पुन्हा टेकू नये म्हणून तिच्या टोकाला जुना मोजा गुंडाळला. मग म्हटलं, "पुढं?"

आत्यालाही आपण बोललो हे कळलं होतं. ती गाडीच्या कडेला हात टेकून उभी होती. पुढं काही आलं नाही. तिनं प्रयत्न केला, ओठ पुढं केले, आणि आलं ते सोमवारच. पण या वेळी ती रागावली नाही. लंगडत आत गेली, आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांचा गठ्ठा आणि भाजीला येतात ती रबरं घेऊन आली.

मग आम्ही झाकाझाकी केली. ती बोट दाखवायची, मी पिशवी घालून रबर चढवायची. मी मोबाइलवर चित्र बघून नाव वाचायची, "हे काय, अल्टरनेटर?" ती म्हणायची, "हाव." "हा फ्यूजचा डबा?" "हाव." "हे रेडिएटर का?" "न्हाई," असं म्हणून माझ्या अज्ञानाला हसायची. हवा आत जाते ते तोंड झाकलं. प्लगच्या वायरी झाकल्या. तेलाचं झाकण आणि तेल मोजायची कांडी घट्ट बसलीय ना, ते तिनं स्वतः डाव्या हातानं दाबून बघितलं.

साबण लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पण वाळू द्यायचा नाही. ब्रशनं घासायचं, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं. रबरी पट्ट्याला साबणाचा हात लागू द्यायचा नाही. तिकडं माझा ब्रश गेला की काठीचा टोला बॉनेटवर बसायचा. शेवटी हातपंपानं अगदी थोडं साधं पाणी मारलं आणि पुन्हा टिपलं. काळं फडकं पिळताना माझे हातमोजे काळे झाले, कोपरापर्यंत हात काळे झाले. काळं पाणी झाडांना किंवा गटारीत नको, म्हणून आत्यानं ते एका जुन्या डब्यात ओतायला लावलं.

पिशव्या काढल्या. एक मात्र निघेना; तिथं रबर पुरलं नव्हतं म्हणून मी गाठ मारली होती. आत्यानं ती दातानं तोडायचा आव आणला आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की समोरच्या बाई गॅलरीत आल्या.

पोर्चमध्ये टेबलफॅन लावून बॉनेट उघडं ठेवलं. नांदेडच्या उन्हाळ्यात वाळवण्याचं काम हवा आपणहून करते. दुपारी जेवून आत्या झोपली नाही. दर थोड्या वेळानं जाऊन फटींमध्ये बोट घालून ओल बघत होती. ऊन उतरल्यावर लाल वायर घट्ट आहे ना बघितलं, काळी परत लावली, आणि मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. वास नाही, धूर नाही. मी बघितलं तर आत्या बॉनेटशी कान देऊन उभी होती. बराच वेळ तशीच. मग म्हणाली, "पट्टा."

"काय झालं पट्ट्याला?"

उत्तरादाखल तिनं ओठ आवळून बारीक चीं चीं असा आवाज काढला. मला तो ऐकूही येत नव्हता. मेकॅनिक आला तेव्हा त्यानं पट्टा बघितला आणि ताणून दिला. म्हणाला, मॅडमचं बरोबर हाय.

पुढच्या वेळी थेरपिस्ट आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती तशीच चप्पल घालून पोर्चमध्ये गेली आणि म्हणाली, "आज आपण इथंच बसू." कार्डं पिशवीतच राहिली. बॉनेट उघडलं. आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती बॉनेटचा आवाज ऐकून उठून बाहेर आली.

"हे काय?" मुलीनं विचारलं.

"पट्टा."

"आणि हे?"

"पं... पंखा."

"हे?"

आत्यानं खूप वेळ बघितलं. "सोमवार," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मुलगी पण हसली. घाई केली नाही. ती म्हणाली, "मला यातलं काहीच येत नाही हं. माझ्या स्कूटीचंसुद्धा मी कधी काही बघितलं नाही. तुम्हीच शिकवा." मला वाटतं, त्यानंच फरक पडला. चित्रातला कप ओळखून दाखवणं आत्याला अपमान वाटायचा. इथं कुणीतरी खरंच शिकायला आलं होतं. त्या दिवसापासून आत्या तिची वाट बघायला लागली. सगळे शब्द आले असं नाही. एक दिवस आलेला शब्द दुसऱ्या दिवशी हरवायचा. पण दोन-दोन शब्द जोडून यायला लागले. "पट्टा सैल." "पाणी कमी." एकदा मी केलेला चहा पिऊन म्हणाली, "साखर कमी." त्यावर मी घोटभर चहा पिऊन बघितला आणि खरंच कमी होती.

सुट्टी संपायच्या आधी आम्ही अर्धापूरला गेलो. तसं काही काम नव्हतं. आत्यानं सकाळी चावी माझ्यापुढं ठेवली आणि त्या दिशेला बोट केलं. रस्ताभर ती खिडकीतून बघत होती. केळीचे मळे सुरू झाल्यावर तिनं काच खाली केली.

एका मळ्याशी तिनं थांबायला लावलं. घरातून एक बाई हात पुसत बाहेर आल्या, गाडी ओळखून पळतच आल्या.

"मॅडम! अहो, लई दिसांनी! किती सुकलाव तुमी!"

आत्या उतरली. बाईंनी काठी बघितली, लुळा हात बघितला, आणि काही न बोलता तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आत्याला खूप बोलायचं होतं. मला तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

"सोमवार," ती म्हणाली.

मी काहीतरी समजावून सांगायला पुढं झाले, पण बाईंना समजवावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "हाव, सोमवारी बी या की. कवाबी या. आज आलाव, आज तर च्या घ्याल का न्हाई?" आणि खांद्याखाली हात घालून आत्याला घराकडे घेऊन चालल्या.

चहा झाल्यावर आत्या कडेच्या ओळीत गेली. काठी मऊ मातीत रुतत होती, मी आणि बाई दोन्ही बाजूंनी धरून होतो. तिनं एक पान खाली ओढलं, उलटं केलं, अंगठ्यानं चोळलं. मग बुडाशी माती बघितली. वाकता येईना, म्हणून चपलेनं दाबून बघितली. तिच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी लहानपणापासून बघत आले आहे.

"पाणी," ती म्हणाली. मग थांबली. आम्ही दोघी थांबलो. "पाणी... जास्त."

बाईंनी मळ्याच्या त्या टोकाला असलेल्या आपल्या नवऱ्याला हाक मारली. "ऐकलं का? मॅडम काय म्हनून राहिल्यात! मी म्हनत न्हवते का, ठिबक लई येळ चालू ठिवता म्हनून!" तिकडून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. आत्या माझ्याकडे बघत होती. त्या वेळचा तिचा चेहरा मला वर्णन करता येणार नाही. एवढंच सांगते, की ती परत निवृत्तीच्या आधीची झाली होती, उन्हात उभी, चपलेला चिखल.

कॉलेज सुरू व्हायची वेळ आली. मी तिला म्हटलं, लातूरला चल माझ्याबरोबर. तिनं नकार दिला, दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच कपड्यांची पिशवी मागच्या सीटवर नेऊन ठेवली. थेरपिस्ट निरोपाला आली तेव्हा आत्यानं तिला बॉनेट उघडून तेलाची कांडी काढून दाखवली आणि तिच्याकडूनच ती परत बसवून घेतली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही निघालो. वाटेत चहाला जिथं थांबलो तिथं आत्यानं आधी बॉनेट उघडायला लावलं, मग चहा घेतला.

आता ती माझ्याकडेच असते. लातूरला दुसऱ्या थेरपिस्ट बाई मिळाल्या आहेत, थोड्या कडक आहेत, पण आत्याचं त्यांच्याशी जमतं. तिला लहान वाक्यं येतात. लांब वाक्यात ती हरवते, मग हात हलवून सोडून देते. माझं नाव अजून तिला येत नाही. "अगं," म्हणते. नावाची वाट बघणं मी सोडून दिलं आहे असं मी सगळ्यांना सांगते. काही दिवस फार वाईट जातात. सकाळपासून गप्प, जेवणाचं ताट सरकवून देते. त्या दिवशी तिला कशानंही बरं वाटत नाही, गाडीनंही नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टर सवयीनं माझ्याकडे बघून विचारत होते, झोप कशी आहे, जेवण कसं आहे. मी उत्तरं देत होते. मध्येच त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी खुर्ची आत्याकडे वळवली आणि विचारलं, "तुम्हाला कसं वाटतं?"

आत्यानं वेळ घेतला. बाहेर पुढच्या पेशंटचं मूल रडत होतं. मी ओठ घट्ट मिटून बसले होते, कारण मधे शब्द पुरवायची मला फार वाईट सवय लागली होती.

"राग येतो," आत्या म्हणाली.

"हो?" डॉक्टर म्हणाले. "कशाचा?"

"शब्द... येत न्हाई. राग येतो."

डॉक्टर म्हणाले, "येणारच. मलाही आला असता." पुढं काही उपदेश केला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तिला राग येतो हे मला ठाऊक होतंच. ताट सरकवताना, काठी आपटताना, भिंतीकडे तोंड करून झोपताना मी तो बघत आले होते. पण ते तिनं स्वतःच्या तोंडानं, तिऱ्हाइतासमोर, नीट सांगितलं होतं आणि कुणाला अंदाज बांधावा लागला नव्हता.

बाहेर आलो तर ऊन रणरणत होतं. दवाखान्यासमोर रसवंती होती. आम्ही आत जाऊन बाकावर बसलो. पोऱ्यानं विचारलं, बर्फ टाकू का? मी तोंड उघडणार होते. आत्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं आणि म्हणाली, "थोडा."